एका सॉफ्टवेअरमध्ये कॉपी केलेला पासवर्ड दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतो का? तसं असेल तर ते कसं रोखायचं?

हो, येतो. कॉपी केलेलं पेस्ट करेपर्यंत जिथे राहतं तो क्लिपबोर्ड, आणि विंडोजवर तो म्हणजे वाड्याची ओसरी. तिथे ठेवलेली वस्तू घरातल्या कोणीही उचलून बघावी, विचारायची गरज नाही. तुम्ही पेस्ट करेपर्यंतसुद्धा कोणाला थांबावं लागत नाही. क्रिप्टो (डिजिटल चलन) पाठवायचा पत्ता कॉपी केला की गुपचूप चोराचा पत्ता त्याजागी ठेवणारे व्हायरस याच मोकळीकीवर चालतात.

पण छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळताना मला व्हायरसपेक्षा माणसांचाच जास्त अनुभव आलाय. मार्चअखेर एका ठिकाणी प्रिंटर बघायला गेलो होतो. सहज विंडोज + व्ही दाबलं, तर सकाळपासून कॉपी केलेलं सगळं समोर: लोकांचे पॅन नंबर, रिटर्नचे लॉगिन आणि वर चक्क पिन करून ठेवलेला नेटबँकिंगचा पासवर्ड! मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "सोयीचं पडतं हो."

विंडोज + व्हीने दिसणारी ही हिस्टरीची, म्हणजे कॉपी केलेल्याच्या यादीची सोय विंडोज १० मध्ये २०१८ साली आली. ती २५ नोंदी ठेवते. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की बाकीच्या जातात, पिन केलेल्या मात्र राहतात. 'क्लिअर ऑल' केलं तरी राहतात, त्या एकेक करून काढाव्या लागतात. एकाच लॉगिनवर चारजण बसत असाल तर सेटिंग्ज, सिस्टीम, क्लिपबोर्ड इथे जाऊन हिस्टरी बंद करा. तिथेच दुसऱ्या डिव्हाइसशी सिंक करायचं बटण आहे, तेही बंद.

पासवर्ड मुळात कॉपीच करू नका. पासवर्ड मॅनेजरचं (पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) ब्राउझर एक्स्टेन्शन तो थेट रकान्यात भरतं, क्लिपबोर्ड मध्ये येतच नाही. कीपास नावाच्या पासवर्ड मॅनेजरमधून कॉपी केलात तर १२ सेकंदांनी तो आपोआप पुसला जातो, पण टपून बसलेल्या प्रोग्रॅमला एक सेकंदही पुरतो.

दुसरा कॉम्प्युटर लांबून चालवायला रिमोट डेस्कटॉप वापरता का? त्यात दोन्हीकडचा क्लिपबोर्ड एकच होतो. जोडण्याआधी 'लोकल रिसोर्सेस'मधली क्लिपबोर्डची खूण काढा.

आणि हल्ली एक उलटा प्रकार चाललाय. वेबसाइट म्हणते, तुम्ही रोबो नाही हे दाखवायला विंडोज + आर दाबा, मग कंट्रोल + व्ही, मग एंटर. तुम्ही आधी जिथे क्लिक केलं तिथेच तिने क्लिपबोर्डवर घातक कमांड ठेवलेली असते, ती विंडोज + आरने उघडलेल्या चौकटीत पेस्ट होऊन लगेच चालते. इथे वरची क्लिपबोर्डची सेटिंग्ज उपयोगाची नाहीत. ऑफिसातल्या प्रत्येकाला हा प्रकार एकदा प्रत्यक्ष समजावून सांगा, मी तेच करतो.