आधी झाकण मागा, मग हिशेब

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाचकांना संदर्भ कळावा म्हणून हकिगत थोडक्यात सांगतो. वडिलांचं एचएमटी ‘जनता’ घड्याळ, रोज चावी द्यावी लागणारं. ते निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी दिलेलं, पाठीच्या झाकणावर त्यांचं नाव आणि निवृत्तीची तारीख कोरलेली. वडील गेल्यानंतर तुम्ही ते वापरायला काढलं, पण दिवसाला पाच-सहा मिनिटं मागे पडायचं. जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या, दुसऱ्या शहरातल्या एका कारागिराशी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं: सर्व्हिसिंग, ऑइलिंग, गरज पडली तर मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) बदलणं, सगळे मिळून १,८०० रुपये. ५०० आगाऊ देऊन तुम्ही घड्याळ कुरिअरने पाठवलं. अडीच महिन्यांनी त्याच्याकडून व्हिडिओ आला. घड्याळ चालतंय, पण डायल नवी कोरी चकचकीत, काटे वेगळे, केस घासून पॉलिश केलेली आणि पाठीला कोरं, नावाविना झाकण. सोबत ६,५०० रुपयांचं बिल, उरलेले ६,००० आल्याशिवाय घड्याळ पाठवणार नाही असा निरोप, आणि ९० दिवसांत नेलं नाही तर ठेवणावळ लागेल, नंतर घड्याळ विकून टाकू, ही पावतीवरची अट.

तुम्ही विचारलंय, पैसे द्यावे लागतील का, तो घड्याळ अडवू शकतो का आणि पोलिसांत जावं का. तिन्हींची उत्तरं देतो. पण तुमच्या पत्रात झाकणाचा उल्लेख शेवटी, एका ओळीत आलाय आणि माझ्या मते सगळ्यात आधी हात घालायला हवा तो तिथेच. डायल रंगवली गेली असेल तर ती आता मूळ रूपात येणार नाही. झाकण मात्र बहुधा अजून त्या कारागिराच्या खणात पडलेलं असेल. काढलेले जुने भाग बरेच कारागीर टाकत नाहीत, पुढच्या घड्याळाला कामी येतील म्हणून ठेवतात. रागाच्या भरात पहिलीच चिठ्ठी वकिलाची गेली की असे भाग ‘सापडत नाहीत’, हे मी माझ्या पक्षकारांच्या बाबतीत घडताना पाहिलंय. म्हणून नोटीस नंतर. आज फक्त साधा, सभ्य आणि लेखी निरोप:

‘तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मिळाला. माझ्या घड्याळाचं नाव कोरलेलं मूळ झाकण, मूळ डायल, मूळ काटे आणि काढलेला प्रत्येक भाग माझ्या मालकीचा आहे. हे सर्व जपून ठेवावं, कोणालाही देऊ, विकू किंवा वापरू नये. त्यांचे फोटो आज पाठवावेत. डायल, काटे, झाकण बदलण्यास व पॉलिश करण्यास मी संमती दिलेली नव्हती. ठरलेल्या १,८०० पैकी उरलेले १,३०० रुपये देण्यास मी तयार आहे.’

यात ना धमकी आहे ना शिवी. पण एकेक वाक्य पुढे कामाला येणार आहे.

आता कायदा. वस्तू एका कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झालं की परत घ्यायची, या व्यवहाराला कायद्याच्या मराठीत निक्षेप म्हणतात. कोर्टात सगळे बेलमेंटच म्हणतात. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये कलम १४८ पासून हा विषय आहे. कलम १५१ सांगतं की सामान्य शहाणा माणूस तशाच प्रकारची आणि मोलाची स्वतःची वस्तू जशी जपेल, तशी वस्तू सांभाळणाऱ्याने ती जपायची. कलम १६० नुसार काम पूर्ण झालं की वस्तू परत द्यायची. ‘वस्तू’ म्हणजे इथे तुम्ही पाठवलेलं अख्खं घड्याळ, झाकणासकट. त्या जागी दुसरं, चांगलं, नवं झाकण दिलं म्हणून परतफेड होत नाही.

कारागिराची बाजूही नीट समजून घ्या, कारण प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर तिथे ती मांडली जाणारच. सर्व्हिसिंग म्हणजे मशीन पूर्ण खोलणं, सुकलेलं तेल धुणं, खडे (चक्रांची टोकं ज्यांत फिरतात ते) आणि चक्रांची टोकं तपासणं, नवं तेल घालणं. त्यात मेनस्प्रिंग बदलणं तुम्ही मान्यच केलं होतं. बॅलन्सचा (घड्याळाची गती राखणाऱ्या, मागे-पुढे झुलणाऱ्या चक्राचा) दांडा मोडलेला निघाला, चावीची रबरी रिंग कडक झालेली निघाली, तर असा एखादा भाग बदलल्यावर ‘विचारलं नाही’ एवढ्याच मुद्द्यावर मी भांडणार नाही. डायलची गोष्ट वेगळी आहे. घड्याळ मागे पडण्याशी डायलच्या डागांचा काही संबंध नसतो. पाठीच्या नावाचा तर नाहीच नाही. ते काम दुरुस्तीचं नव्हतं, नटवण्याचं होतं आणि ते तुम्ही सांगितलेलं नव्हतं.

जुन्या घड्याळांच्या बाबतीत हा फरक जास्तच गंभीर होतो. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे मूळ डायल गेली तर कंपनीकडून तशीच मागवावी, हा रस्ताच उरलेला नाही. बाजारात रंगीबेरंगी, नव्याने रंगवलेल्या डायलची ‘जनता’ ढिगाने मिळतात आणि जाणकार पहिलं हेच बघतात की डायल मूळची आहे की रंगवलेली. जो कारागीर स्वतःला जुन्या घड्याळांचा जाणकार म्हणवतो, त्याला हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

पैशांचं पाहू. कलम १७० मेहनतीचा किंवा कौशल्याचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क देतं. त्याला धारणाधिकार म्हणतात. कायद्यात उदाहरण दिलंय ते हिरा कापून पॉलिश करायला घेतलेल्या जवाहिऱ्याचं. म्हणजे सर्व्हिसिंग झालं असेल तर १,३०० रुपये मिळेपर्यंत तुमचा कारागीर घड्याळ अडवू शकतो. पण हा हक्क वस्तू ज्या हेतूने दिली त्या हेतूनुसार केलेल्या कामापुरताच आहे. न सांगितलेल्या रंगकामासाठी तो वापरता येत नाही. आणि हा हक्क फक्त अडवण्याचा आहे, विकण्याचा नाही. गहाण घेणाऱ्याला कलम १७६ खाली वाजवी नोटीस देऊन वस्तू विकता येते. दुरुस्ती करणाऱ्याला करार कायदा तसा अधिकार देत नाही.

कारागीर कदाचित कलम ७० पुढे करेल. फुकट करायचा इरादा नसताना दुसऱ्यासाठी काही केलं आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी असं ते कलम आहे. त्यात ‘लाभ घेणं’ महत्त्वाचं. नको म्हणायची संधीच दिली नाही, काम उरकून बिल हातात ठेवलं, तर लाभ स्वीकारला असं म्हणणं कठीण.

इथे तुमच्या पत्रातली एक कबुली आडवी येते. व्हिडिओ आल्याआल्या तुम्ही अंगठ्याची खूण पाठवलीत, मग दहा मिनिटांनी डायल नीट पाहून ‘हे काय केलंत?’ असं लिहिलंत. घाबरू नका. काम आधीच झालेलं होतं, त्यामुळे ती खूण आधीची परवानगी ठरत नाही, आणि पुढच्याच निरोपात तुमची हरकत आहे. पण तो मेसेज पुसू नका. पुसलात तर समोरचा त्याच्या फोनवरून तो दाखवेल आणि तेव्हा तुम्ही काहीतरी लपवत होता असं दिसेल.

सगळं संभाषण जसंच्या तसं ठेवा. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर आजच बंद करा. गप्पांची पूर्ण प्रत बाहेर काढा, व्हिडिओ मूळ स्वरूपात जपा. कुरिअरची पावती, ५०० रुपये पाठवल्याची नोंद आणि घड्याळ पाठवण्यापूर्वीचे फोटो हवेत. वडिलांच्या मनगटावर ते घड्याळ दिसतं असा घरातला जुना फोटोही शोधा. डायल ओळखू येत असेल तर तो फार उपयोगी पडेल. फोनमधले पुरावे देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र, म्हणजे प्रत कोणत्या उपकरणातून आणि कशी काढली हे सांगणारं, जोडावं. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी कोर्टाइतके काटेकोर नसतात, तरी ते जोडलेलं बरं.

पावतीवरच्या अटीने तुमची झोप उडालीय असं दिसतं. एकतर ती पावती घड्याळ पोचल्यानंतर आली, म्हणजे करार ठरून गेल्यावर. दुसरं, छापली म्हणून प्रत्येक अट टिकत नाही. मद्रास उच्च न्यायालयाचा १९६६ च्या एआयआरमध्ये (ऑल इंडिया रिपोर्टर, निकाल छापणारी मालिका) छापलेला एक निकाल वकिलांच्या चांगल्या ओळखीचा आहे. धुलाईला दिलेली साडी हरवली आणि पावतीवर छापलं होतं की भरपाई बाजारभावाच्या १५ टक्क्यांपुरतीच मिळेल. अशी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे म्हणून न्यायालयाने ती मानली नाही. तुमचा मुद्दा तंतोतंत तोच नाही, पण दिशा तीच आहे.

पोलिसांत आत्ता जाऊ नका. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दाखवावा लागतो. जास्तीचं काम करून जास्त बिल लावणं हा मुळात दिवाणी वाद आहे. मात्र तुमच्या लेखी निरोपानंतरही कारागिराने घड्याळ किंवा झाकण विकलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मधला विश्वासघाताचा गुन्हा विचारात घेता येईल. तो दरवाजा उघडा राहावा म्हणूनच वरच्या निरोपात ‘देऊ, विकू किंवा वापरू नये’ हे शब्द घातलेत.

सात दिवसांत समाधान झालं नाही तर स्पीड पोस्टने नोटीस पाठवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ मुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्याच्या शहरात खेपा घालाव्या लागत नाहीत. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइन दाखल होते. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, पण तुम्ही इतकं थांबू नका. सेवेतली त्रुटी आणि न सांगितलेल्या कामाची सक्तीची वसुली, हे तक्रारीचे दोन मुद्दे. मागण्या: घड्याळ आणि सर्व मूळ भाग परत, बिल १,८०० वर आणणं, नुकसानभरपाई, मानसिक त्रास, खर्च.

भरपाईबद्दल खोटी आशा दाखवत नाही. ‘जनता’ हे महागडं घड्याळ नव्हे आणि आयोग आधी बाजारमूल्याकडे बघतो. भावनिक मोलाचा विचार मानसिक त्रासाच्या रकमेत होतो, आणि ती रक्कम तुम्हाला तोकडी वाटण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून रकमेपेक्षा वस्तू मागण्यावर माझा भर आहे. झाकण आहे पण द्यायला नकार दिला, तर विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३ चं कलम ८ आहे. पैशाने पुरेशी भरपाई होऊ शकत नाही अशी विशिष्ट वस्तू, हक्क नसताना ताब्यात ठेवणाऱ्याला ती प्रत्यक्ष परत करायला दिवाणी न्यायालय भाग पाडू शकतं. वडिलांचं नाव कोरलेलं झाकण अशा वस्तूंत बसतं असं मी ठामपणे मांडेन. दिवाणी दाव्याला वेळ लागतो, हे मात्र धरून चाला.

एक व्यवहाराचा मार्गही आहे. कारागिराने झाकणाचा फोटो पाठवला आणि ‘पैसे द्या, सगळं पाठवतो’ म्हटलं, तर तुम्ही काय कराल? तुमच्या जागी मी असतो तर हरकत लेखी नोंदवून पूर्ण पैसे दिले असते. ‘घड्याळ व मूळ भाग परत मिळावेत म्हणून, हक्क राखून व हरकतीसह देत आहे’ एवढं लिहून रक्कम पाठवली की जास्तीचे ४,७०० रुपये नंतर आयोगापुढे परत मागता येतात. ‘काम समाधानकारक’ असं मात्र कशावरही लिहून देऊ नका.

पार्सल आलं की ते फोडण्यापासूनचा व्हिडिओ न थांबवता काढा. मूळ झाकण स्वतः बसवायला जाऊ नका, आणि पाठ उघडण्यापूर्वी सगळ्या बाजूंचे फोटो घ्या. मग दुसऱ्या, त्रयस्थ कारागिराकडून ते उघडून टाइमग्राफरवर (घड्याळाची टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्या आणि लेखी अहवाल मागा: मशीन तेच आहे का, डायल रंगवलेली आहे की बदललेली, चाल आणि अ‍ॅम्प्लिट्यूड (बॅलन्सच्या झोक्याची रुंदी) किती, सर्व्हिसिंग खरंच झालंय का. रंगवलेली असेल तर मूळ डायल रंगाखाली गेली, आणि बदललेली असेल तर मूळ डायलही कुठेतरी असेलच. मग तिची मागणी झाकणाइतकीच जोरात करायची. निरोप आजच पाठवा, आणि फोटो आला की नाही ते मला कळवा. नोटिशीत काय लिहायचं ते त्यावरून ठरवू.