ससून डॉकच्या पहाटेसाठी कॅमेरा

मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली कॅमेऱ्यांची यादी आणि माहितीपटाचा आराखडा, दोन्ही वाचले. यादीत सेन्सर, रिझोल्यूशन आणि किंमत यांचे रकाने आहेत. चित्रीकरण कुठे, किती वाजता आणि किती महिने चालणार याचा रकाना मात्र नाही, आणि कॅमेरा ठरतो तो त्यावरच. ससून डॉकवरचा पहाटेचा लिलाव, तिथून पाट्या घेऊन निघालेल्या कोळणी, लोकलचा मालडबा आणि शेवटी उपनगरातला बाजार, असा तुझा पट आहे. म्हणजे काळोख, खारा ओलावा, गर्दी, गोंगाट आणि भर दुपारचे ऊन हे सारे एकाच दिवसात येणार, आणि बहुतेक वेळा तू एकटीच असणार.

कॅमेरा भाड्याने घे, असे तुला अनेकांनी सांगितले आहे. कथापटासाठी तो सल्ला योग्य आहे, कारण तिथे तारखा आधी ठरतात. तुझ्या तारखा ठरवणार समुद्र आणि त्या बायकांचे घर. १ जूनला मासेमारीबंदी सुरू होण्याआधीचे शेवटचे दिवस, बंदीतली उसनवारी, नारळी पौर्णिमेची तयारी, मध्येच कुणाच्या घरी निघालेले लग्न किंवा आजारपण, या सगळ्याचा निरोप आदल्या रात्री येतो आणि त्या वेळी अंधेरीतले भाड्याचे दुकान बंद असते. शिवाय दिवसाचे भाडे चढत असताना आपण नकळत माणसांना घाई करतो. म्हणून कॅमेरा स्वतःचा घे. मध्यम किमतीचा घे, जपून वापरलेला मिळाला तरी चालेल. भाड्याने आणायचा तो केवळ तपासून पाहण्यासाठी.

आता तुझ्या यादीतल्या पहिल्या नावाकडे येतो. सोनीच्या एफएक्स ३ वर तुझे मन बसलेले दिसते, आणि अंधारासाठी त्याचे नाव घेतले जाते ते उगीच नव्हे: त्याचा वरचा मूळ आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही चित्र स्वच्छ ठेवणारी संवेदनशीलता, १२,८०० आहे, तर सोनीच्याच, २०२२ साली आलेल्या कमी किमतीच्या एफएक्स ३० चा २,५००. हा फरक सुमारे पाचपट आहे. परंतु एफएक्स ३ ला तू एफ २.८ ची झूम लेन्स लावणार आहेस (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). एफएक्स ३० ला एफ १.४ ची साधी ३० मिलिमीटरची लेन्स लावली, तर एफ २.८ च्या चौपट प्रकाश आत येतो आणि तो पाचपटीचा फरक जवळजवळ भरून निघतो. झूम गमवावी लागते आणि फोकसची खोली थोडी कमी होते, हे मान्य. पण लिलावाच्या गर्दीत तू माणसांच्या हातभर अंतरावरच उभी असशील, तिथे झूमचा मोह नसलेलाच बरा. वाचलेल्या पैशांतून ध्वनीची सामग्री येते. माझा कौल एफएक्स ३० ला आहे.

यादीतले कॅमकॉर्डर मी सहजासहजी बाजूला काढत नाही. सोनीच्या पीएक्सडब्ल्यू झेड ९० सारख्या कॅमेऱ्यात एनडी फिल्टर (प्रकाश अडवणारी गडद काच), एक्सएलआर जोडणी (व्यावसायिक माइकसाठी) आणि बारापट झूम एकाच अंगात मिळते, आणि एकट्या माणसासाठी याहून सोयीची रचना क्वचितच सापडते. तुझे काम दिवसाउजेडीचे असते, तर मी डोळे मिटून तोच सुचवला असता. पण एक इंचाच्या सेन्सरवर पहाटेच्या काळोखात चित्राला दाणे येतील. ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट ६के प्रो मध्ये रंग सुरेख मिळतात आणि एनडीही आत आहे. परंतु चालत्या माणसावर फोकस आपोआप धरून ठेवण्याची सोय त्यात नाही, आणि पाटी डोक्यावर घेऊन झपाझप निघालेल्या बाईमागे धावताना ती उणीव रोज जाणवेल.

एफएक्स ३० मध्ये एनडी नाही, आणि ही त्याची खरी अडचण आहे. लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर संकलनात बसवायच्या फिकट चित्रणात, आयएसओ ८००, शटर १/५० सेकंद आणि अॅपर्चर एफ २.८ ठेवून दुपारच्या उन्हात उभी राहिलीस, तर सुमारे नऊ स्टॉप प्रकाश अडवावा लागतो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो). एफ ८ केलेस तरी सहा स्टॉप उरतातच. तेव्हा चांगल्या प्रतीचा बदलता एनडी फिल्टर ही चैन समजू नकोस. स्वस्त फिल्टर टोकाला नेला की आकाशावर फुलीसारखी सावली उमटते, आणि ती संकलनात पुसता येत नाही.

शटरचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: इंटरनेटवरचे बरेच धडे अमेरिकेतले असल्यामुळे ते सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० शटर सांगतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. लिलावाच्या शेडमधल्या आणि बाजारातल्या ट्यूबलाइटखाली १/६० वर चित्रात लुकलुक येण्याची शक्यता असते. २५ फ्रेम आणि १/५० हेच आपले घरचे माप.

आवाजावर मात्र हात आखडू नकोस. एफएक्स ३० एक्सएलआर हँडलसह आणि हँडलशिवाय असा दोन्ही प्रकारे विकला जातो, हँडलसह घे. डॉकवर बर्फ फोडण्याचे यंत्र, बोटींची इंजिने आणि लिलावाची आरोळी एकदमच चालू असतात. तिथे कॅमेऱ्यावरचा माइक सगळे ऐकतो आणि कुणाचेच धड ऐकू देत नाही. ज्या बाईमागे तू फिरणार आहेस तिच्या अंगावर छोटा वायरलेस माइक हवा, पदराच्या घर्षणापासून दूर लावलेला, आणि शक्यतो स्वतःच्या पोटातही ध्वनिमुद्रण साठवणारा, कारण गर्दीत सिग्नल तुटतो. कान झाकणारे हेडफोन चित्रीकरण संपेपर्यंत उतरवायचे नाहीत.

साठवणुकीचा हिशोब कागदावर मांड. १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने एका तासाला ४५ जीबी लागतात. शंभर तासांचे चित्रण म्हणजे साडेचार टीबी, आणि दोन प्रती ठेवायच्या म्हणजे नऊ. वर्षभराच्या कामात शंभर तास सहज होतात. हा खर्च तुझ्या अंदाजपत्रकात कुठेच दिसला नाही.

खाऱ्या हवेची काळजी रोजच्या शिस्तीत बसवावी लागेल. घरी आल्यावर कॅमेरा ओलसर, मग कोरड्या कापडाने पुसावा. लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये किंवा निदान सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवाव्यात, नाहीतर एका पावसाळ्यात आतून बुरशी धरते. वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर काचेवर बाष्प धरते, तेव्हा पिशवी बंदच ठेवून काही वेळ जाऊ द्यावा.

छोट्या कॅमेऱ्याचा एक लाभ तांत्रिक तक्त्यात सापडत नाही. तो छातीशी धरून पडदा वर वळवला, की समोरच्या बाईला तुझा चेहरा दिसतो आणि ती यंत्राशी न बोलता तुझ्याशी बोलते. मात्र कॅमेरा छोटा आहे म्हणून परवानगी टळत नाही. डॉक मुंबई बंदर प्राधिकरणाच्या हद्दीत आहे आणि लोकलसाठी रेल्वेची वेगळी परवानगी लागते. दोन्ही अर्ज खरेदीच्या आधी कर, कारण उत्तर यायला वेळ लागतो.

पैसे मोजण्यापूर्वी एफएक्स ३० आणि तुझ्या मनातला एफएक्स ३, दोन्ही एका दिवसासाठी भाड्याने आण आणि पहाटे दादरच्या फुलबाजारात जा. तिथला उजेड आणि गर्दी तुझ्या विषयाच्या बऱ्यापैकी जवळची आहे. प्रत्येक कॅमेरा तासभर हातात धर. पडद्याकडे न पाहता आयएसओ, फोकस आणि आवाजाची पातळी बदलता येते का, मनगट कधी दुखू लागते, बॅटरी किती वेळ टिकते, हे वहीत लिही. तरीही मन अडलेच, तर दोन्हींचे चित्रण घेऊन ये. कोणते कोणत्या कॅमेऱ्याचे हे मला न सांगता पडद्यावर लाव, मग बोलू.

कळावे.