संगणकात फोन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अँड्रॉइड अ‍ॅप इम्युलेटरने, म्हणजे संगणकात आभासी फोन उभा करणाऱ्या प्रोग्रॅमने, चालवण्याबद्दल आलेल्या बऱ्याच पत्रांत ‘कुठला इम्युलेटर चांगला?’ एवढंच विचारलं आहे. त्याला एकच एक उत्तर नाही. अ‍ॅप कोणत्या प्रोसेसरसाठी बनलंय, त्याला सिमकार्ड लागतं का आणि तुमच्या यंत्रात व्हर्च्युअलायझेशन (एका यंत्रात दुसरं आभासी यंत्र चालवण्याची प्रोसेसरची सोय) चालू आहे का, हे आधी बघा. नाव त्यानंतर ठरवता येतं.

प्रश्न : इंटेल आय-५ लॅपटॉप, ८ जीबी रॅम, विंडोज ११. अँड्रॉइड स्टुडिओतला (अ‍ॅप बनवण्याच्या गूगलच्या सॉफ्टवेअरमधला) इम्युलेटर ‘हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन लागेल’ म्हणतो आणि उघडतच नाही. गेमसाठीचा दुसरा एक टाकून पाहिला. तो उघडतो, पण लोगोवरच दहा-दहा मिनिटं अडकतो. रॅम वाढवू का? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : रॅमचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. दोन्ही दुखणी बहुधा एकाच कारणाची आहेत. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर जा. आलेखाखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ अशी ओळ दिसेल. तिथे ‘डिसेबल्ड’ असेल तर प्रोसेसरमधली सोय बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बंद आहे. मग पाहुण्या अँड्रॉइडची प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरला उलगडून द्यावी लागते. गेमवाला इम्युलेटर ते कसंबसं रेटतो, गूगलचा सरळ नकार देतो.

बायॉसमध्ये जाण्याआधी एक काम करा. विंडोज ११च्या अनेक लॅपटॉपवर ड्राइव्ह आधीपासून एन्क्रिप्ट केलेला असतो. बायॉस बदलल्यावर पुढच्या वेळी तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, कागदावर लिहून घ्या. मग लॅपटॉप सुरू होताना एफ-२, एफ-१० किंवा डिलीट दाबा. कोणतं बटण ते कंपनीगणिक बदलतं. इंटेलमध्ये ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, एएमडीमध्ये ‘एसव्हीएम मोड’ असं नाव असतं. ते चालू करून सेव्ह करा.

विंडोजमध्ये परतलात की स्टार्टमध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ शोधा, ‘विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म’समोर खूण करा आणि रीस्टार्ट द्या. जुन्या व्हिडिओंत इथे ‘हॅक्सम’ हा इम्युलेटरचा वेग वाढवणारा ड्रायव्हर बसवायला सांगतात. त्याच्या नादी लागू नका, इंटेलने २०२३ मध्ये त्याचं काम थांबवलं. गूगलचा स्वतःचा हायपरवायझर ड्रायव्हरही आहे, पण हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची आभासी यंत्रं चालवणारी यंत्रणा) चालू असेल तर तो चालत नाही. विंडोज ११मधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे सुरक्षेचं कलमही हायपर-व्हीच्याच आधारावर उभं असतं. ते बंद करून ड्रायव्हर बसवण्यापेक्षा विंडोजचीच सोय वापरलेली बरी.

आता रॅम. व्हर्च्युअल फोनला २ जीबीच द्या. ८ जीबीच्या यंत्रात ४ दिली की विंडोज डिस्कवर अदलाबदल करायला लागतं आणि माऊस हलवला तरी झटके बसतात. ग्राफिक्स ‘सॉफ्टवेअर’वर असेल तर ‘हार्डवेअर’ करा, फोनचं मॉडेल कमी रिझोल्यूशनचं निवडा. फक्त अ‍ॅप तपासायचं असेल तेव्हा स्टुडिओ बंद ठेवून एसडीकेच्या (स्टुडिओबरोबर येणाऱ्या साधनांच्या) फोल्डरमधून नुसता इम्युलेटर सुरू करा, कारण रॅम खाण्यात स्टुडिओ इम्युलेटरला हार जात नाही. एवढं करूनही अपुरं वाटलं तर मग १६ जीबीचा विचार करा. गूगलची शिफारसही तीच आहे.

प्रश्न : विंडोजवर आयफोनची अ‍ॅप चालवून देणारं ‘आयपॅडियन’ मिळतं. घ्यावं का? – गृहिणी, मडगाव

उत्तर : नको. त्यात आयफोनसारखा दिसणारा पडदा मिळतो, अ‍ॅप स्टोअरमधलं अ‍ॅप त्यात बसत नाही. अ‍ॅपलचा स्वतःचा सिम्युलेटर एक्सकोड या अ‍ॅप बनवण्याच्या सॉफ्टवेअरबरोबर येतो आणि फक्त मॅकवर चालतो. त्यातही स्टोअरमधलं अ‍ॅप टाकता येत नाही, स्वतः लिहिलेलंच तपासता येतं. एम-१ किंवा त्यानंतरची चिप असलेला मॅक असेल, तर आयफोनची बरीच अ‍ॅप थेट मॅकच्या अ‍ॅप स्टोअरमधून घेता येतात. अर्थात अ‍ॅप बनवणाऱ्याने ती परवानगी काढून घेतलेली नसेल तरच. हौशी लोकांसाठी ‘टचएचएलई’ नावाचा मुक्त प्रकल्प आहे, पण तो अगदी सुरुवातीच्या आयफोनवरच्या काही गेमपुरता.

प्रश्न : आमच्या यंत्रमाग कारखान्यात उत्पादनाच्या नोंदींचं एक जुनं अ‍ॅप आहे. बनवून देणारा आता सापडत नाही. एपीके (अ‍ॅप बसवण्याची) फाइल हाताशी आहे, पण इम्युलेटरवर टाकली की ‘इन्स्टॉल फेल्ड नो मॅचिंग एबीआयज’ असं येतं. – लघुउद्योजक, इचलकरंजी

उत्तर : या संदेशाचा अर्थ असा, की अ‍ॅपमध्ये फोनमधल्या एआरएम प्रोसेसरसाठीचा तयार कोड आहे आणि तुमच्या इम्युलेटरला तो वाचता येत नाही. खात्री करून घ्या. एपीके ही मुळात झिप फाइलच असते. एक प्रत काढा, शेवटचं ‘एपीके’ बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. आत ‘लिब’ नावाचा फोल्डर असेल. त्यात फक्त ‘आर्मईएबीआय-व्ही७ए’ असेल तर अ‍ॅप ३२-बिट एआरएमचं, ‘आर्म६४-व्ही८ए’ असेल तर ६४-बिटचं. ‘एक्स८६’ नावाचा (इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठीचा) फोल्डरही दिसला तर अडचण प्रोसेसरची नाही. ‘लिब’ फोल्डरच नसेल, तर असं अ‍ॅप कुठल्याही प्रोसेसरवर चालतं आणि हा संदेशच येत नाही.

उपाय अँड्रॉइड ११ची इमेज, म्हणजे आभासी फोनमध्ये चढवायची अँड्रॉइडची तयार प्रत. २०२० मध्ये गूगलने या इमेजमध्ये एआरएमच्या सूचना एक्स८६मध्ये भाषांतरित करण्याची सोय दिली. पूर्वीसारखी सगळी यंत्रणा भाषांतरित होत नाही, फक्त अ‍ॅपचा कोड होतो, म्हणून वेगही बरा मिळतो. व्हर्च्युअल फोन बनवताना नावात ‘गूगल एपीआयज’ किंवा ‘गूगल प्ले’ असलेली इमेज निवडा. नवीनतम अँड्रॉइडच्या मोहात पडू नका. ३२-बिट अ‍ॅप निव्वळ ६४-बिट इमेजवर चढत नाही. शिवाय अँड्रॉइड १४ पासून, अँड्रॉइड ६ च्या आधीच्या आवृत्त्यांना लक्ष्य धरून बनवलेली अ‍ॅप सरळ नाकारली जातात. तुमचं अ‍ॅप जुनं आहे, तेव्हा हे दोन्ही अडथळे तुमच्याच वाटेत आहेत.

फाइल चालत्या फोनमधून काढलेली असेल तर आणखी एक मेख असू शकते. प्ले स्टोअरवर ऑगस्ट २०२१ पासून नवी अ‍ॅप ‘बंडल’ म्हणून द्यावी लागतात आणि फोनवर ती तुकड्यांत उतरतात. नुसता ‘बेस’ तुकडा उचलून आणला की अ‍ॅप बसत नाही किंवा उघडताच बंद पडतं. एडीबी या संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या ‘पीएम पाथ’ आज्ञेने सगळे तुकडे कुठे आहेत ते कळतं, ते ‘इन्स्टॉल-मल्टिपल’ने एकत्र चढवायचे. एआरएम फोनमधून आणलेल्या तुकड्यांत एआरएमचाच कोड असणार, तेव्हा इमेजची अट तिथेही सुटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एपीके ही कोरी वही आहे. आजवरच्या नोंदी जुन्या फोनच्या आत आहेत, त्या फाइलबरोबर येत नाहीत. अ‍ॅपमध्ये एक्सेल किंवा पीडीएफ काढायची सोय असेल तर ते आजच करा. फोन एकदा बंद पडला की इम्युलेटर काही कामाचा नाही.

प्रश्न : फोनचा टच गेलाय. दुरुस्ती होईपर्यंत बँकेचं आणि यूपीआयचं अ‍ॅप संगणकावर इम्युलेटरमध्ये चालेल का? – निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : नाही, आणि चाललं असतं तरी टाकू नका, असंच सांगितलं असतं. यूपीआय नोंदणीत तुमच्या सिममधून बँकेकडे एसएमएस जातो आणि त्यावरून फोन व खातं जोडलं जातं. इम्युलेटरला सिमच नाही. शिवाय बँकांची अनेक अ‍ॅप गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’कडे फोन खरा आहे का याची विचारणा करतात, आणि इम्युलेटर त्या परीक्षेत नापास होतो. ‘हमखास चालेल’ म्हणून फेरफार केलेली अ‍ॅप किंवा इमेज देणाऱ्यांच्या हाती आपला पिन देण्यात शहाणपण नाही.

तुमच्या अडचणीवर यापेक्षा स्वस्त उपाय आहे. पडदा दिसतोय, फक्त टच गेलाय, तर ओटीजी जोडणी (फोनला यूएसबी उपकरण लावायचा छोटा अडॅप्टर) घेऊन फोनला साधा यूएसबी माऊस लावा. पडद्यावर बाण येतो आणि बहुतेक सगळी कामं होतात.

फोनचा पडदा संगणकावर आणायचा असेल तर ‘scrcpy’ (उच्चार ‘स्क्रीन कॉपी’) नावाचा एक मुक्त, विनामूल्य प्रोग्रॅम आहे. माऊसने ‘अबाउट फोन’मध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा क्लिक करा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करा, केबल लावा आणि फोनवर येणारी परवानगी द्या. नुसतं चार्जिंग करणारी केबल चालत नाही, हे कारण बऱ्याचदा शेवटी सापडतं. शाओमीच्या फोनवर चित्र येतं पण क्लिक लागत नाही. तिथे ‘यूएसबी डीबगिंग, सिक्युरिटी सेटिंग्ज’ हा वेगळा पर्यायही चालू करावा लागतो. बँकेचं अ‍ॅप उघडल्यावर मात्र संगणकावर काळा पडदा दिसेल. पडद्याची नक्कल होऊ नये म्हणून अ‍ॅपनेच ती मनाई केलेली असते. डीबगिंग चालू असताना काही अ‍ॅप उघडतच नाहीत, तेव्हा काम झालं की ते बंद करा. तोवर पैसे पाठवायला ब्राउझरमधलं नेट बँकिंग आहेच.

प्रश्न : ई-पीक पाहणीचं अ‍ॅप संगणकावर टाकून, शेताचं लोकेशन हाताने देऊन नोंद करता येईल का? शेत गावापासून लांब आहे. – शेतकरी, जि. परभणी

उत्तर : इम्युलेटरमध्ये लोकेशन हवं ते देता येतं, पण ती सोय अ‍ॅप तपासणाऱ्यांसाठी आहे. पिकाचा फोटो गटात उभं राहून काढायचा आहे, घरी बसून केलेली नोंद ही सातबाऱ्यावरची खोटी नोंद होते. उद्या नुकसानभरपाईच्या वेळी तीच अंगाशी येईल. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. शेतावर जाणाऱ्या भावकीतल्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवरून करून घ्या, नाहीतर तलाठ्याला गाठा.

प्रश्न : विंडोज ११मध्ये अ‍ॅमेझॉन अ‍ॅपस्टोअरमधून अँड्रॉइड अ‍ॅप घेता यायची. आता ती सोय सापडत नाही. लिनक्सवर गेलो तर काय मिळेल? – वाचक, पुणे

उत्तर : मायक्रोसॉफ्टने त्या सोयीचा आधार ५ मार्च २०२५ रोजी संपवला. तिच्या सुधारित प्रती इंटरनेटवर फिरतात, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसलेली यंत्रणा रोजच्या कामाला ठेवू नये. फक्त गेम खेळायचे असतील तर ‘गूगल प्ले गेम्स’ची विंडोज आवृत्ती बघा.

लिनक्सवर ‘वेड्रॉइड’ आहे, आणि जुन्या यंत्रासाठी आमचा कौल त्यालाच. त्यात वेगळं आभासी यंत्र नसतं. लिनेजओएसवर (अँड्रॉइडच्या एका मुक्त आवृत्तीवर) आधारलेलं अँड्रॉइड एका कंटेनरमध्ये, म्हणजे बंदिस्त कप्प्यात, तुमच्याच लिनक्स कर्नेलवर (यंत्रणेच्या गाभ्यावर) चालतं, म्हणून ओझं कमी पडतं. त्याच्या अटी मात्र पक्क्या आहेत. लॉगिन करताना ‘वेलँड’ (पडद्यावर खिडक्या दाखवण्याची नवी पद्धत) सत्र निवडलेलं हवं, ‘एक्स-११’ या जुन्या पद्धतीत ते सरळ चालत नाही. कर्नेलमध्ये ‘बाइंडर’ (अँड्रॉइडचे भाग एकमेकांशी जोडणारा घटक) हवा. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड त्यांच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर असेल तर चित्र सॉफ्टवेअरने काढावं लागतं आणि गंमत निघून जाते. इंटेल किंवा एएमडीच्या ग्राफिक्सवर ही कटकट नाही.

सुरुवातीला इमेज उतरवताना ‘गॅप्स’ (गूगलची अ‍ॅप असलेला) प्रकार निवडलात तर प्ले स्टोअर मिळतं, पण पहिल्यांदा ‘डिव्हाइस प्रमाणित नाही’ म्हणून अडवतं. कंटेनरमधला अँड्रॉइड आयडी काढून गूगलच्या अप्रमाणित उपकरणांच्या पानावर नोंदवा, काही मिनिटं थांबा, वेड्रॉइड पुन्हा सुरू करा. एआरएम भाषांतराचा भाग त्यात मुळात नसतो, तो वेगळा बसवावा लागतो. क्रोम ओएस फ्लेक्सवर अँड्रॉइड अ‍ॅप चालतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, चालत नाहीत.

प्रश्न : वर्गात प्रोजेक्टरवर एक अ‍ॅप दाखवायचं आहे. इम्युलेटरमध्ये कळफलकावरून मराठी उमटत नाही, इंग्रजीच येतं. – शिक्षिका, चिपळूण

उत्तर : मजकूर विंडोजमध्ये टाइप करा आणि चिकटवा. गूगलच्या इम्युलेटरमध्ये कॉपी-पेस्ट दोन्हीकडे चालतं, आणि विंडोज १० च्या २०१९च्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून ‘मराठी फोनेटिक’ कळफलक विंडोजबरोबरच येतो. आतच टाइप करायचं असेल तर जीबोर्डमध्ये मराठी जोडा आणि अँड्रॉइडच्या ‘फिजिकल कीबोर्ड’ सेटिंगमध्ये पडद्यावरचा कळफलक दिसत राहील असं करा. माऊसने एकेक अक्षर टिपताना मुलं कंटाळतील, तेव्हा पहिलाच मार्ग बरा.

प्रश्न : माझ्या संगणकावरचा सर्व्हर इम्युलेटरमधल्या अ‍ॅपला सापडत नाही. पत्ता ‘लोकलहोस्ट’ दिला आहे. कधी कधी तर इंटरनेटही लागत नाही. – वेब डेव्हलपर, ठाणे

उत्तर : इम्युलेटरच्या आत ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो आभासी फोन स्वतः. तुमच्या संगणकासाठी गूगलच्या इम्युलेटरमध्ये १०.०.२.२ हा पत्ता आहे, जेनीमोशन या दुसऱ्या इम्युलेटरमध्ये १०.०.३.२. पोर्ट तोच ठेवा. तरीही जमलं नाही तर पत्ता ‘एचटीटीपी’ आहे का बघा, कारण अँड्रॉइड ९ पासून साधी, एन्क्रिप्शनविना जोडणी मुळातच बंद असते. चाचणीच्या बिल्डपुरती ती अ‍ॅपच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये उघडा, प्रकाशित करताना काढून टाका. खरा फोन केबलने लावलेला असेल तर हे पत्ते चालत नाहीत, तिथे एडीबीचं ‘रिव्हर्स’ वापरा.

इंटरनेट अधूनमधून जाण्यामागे बहुधा ‘क्विक बूट’ आहे. इम्युलेटर बंद करताना स्थिती गोठवतो आणि पुन्हा उघडताना तिथूनच सुरू करतो. घड्याळ मागे राहिलं की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं चुकीची ठरतात आणि सगळ्या साइट नकार देतात. डिव्हाइस मॅनेजरमधून ‘कोल्ड बूट’ द्या. त्याच यादीतलं ‘वाइप डेटा’ मात्र सगळं पुसून टाकतं, घाईत त्यावर क्लिक करू नका.