व्हिडिओ नंतर, अर्ज आधी

तुझा मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर पाहिला, मनापासून आवडला. पण त्याचा व्हिडिओ एवढ्यात कुठल्याही ग्रुपवर टाकू नकोस, परभणीच्या मेळाव्यातही मांडू नकोस. पेटंटच्या अर्जाआधी जगजाहीर झालं की नावीन्य गेलं, आणि नावीन्य नाही तर पेटंट नाही. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज ऑनलाइन भर. स्वतःच्या नावाने भरलास तर सरकारी फी 1,600 रुपये, आणि संपूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात.

अर्जात ‘ओलावा मोजणारे यंत्र’ एवढं लिहून भागणार नाही रे, तसली ढिगाने आहेत. पेटंट कार्यालयाच्या साइटवर आधीची पेटंट फुकट शोधता येतात, एक अख्खा रविवार त्यात घाल. तुझं खरं काम वेगळं आहे. आपली काळी माती वाळली की भेगाळते, प्रोबभोवती, म्हणजे मातीत खुपसलेल्या दांडीभोवती, हवा शिरते आणि रीडिंग धाडकन खाली येतं. तुझी स्प्रिंगवरची पात मातीला चिकटून राहते, इथेच सगळी गंमत आहे! पातीचा कोन, स्प्रिंगची जागा, सगळं आकृतीसकट प्रोव्हिजनलमध्येच लिही. नंतर घातलेल्या भरीला या पहिल्या अर्जाची तारीख मिळत नाही.

बहिणीच्या रक्ततपासणीच्या पट्टीचं विचारलंस. आपल्या कायद्याच्या कलम 3 प्रमाणे निदानाच्या पद्धतीला पेटंट नाही. पट्टीच्या रचनेवर मात्र दावा करता येतो. माणसाने घडवलेल्या गोष्टीला पेटंट कसं मिळतं हे कळायला शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्तींचं प्रकरण तिला वाचायला सांग. तेल खाणाऱ्या त्यांच्या जिवाणूला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये पेटंटयोग्य ठरवलं, कारण तो माणसाने घडवलेला होता. मसुदा झाला की मला दाखव, दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागायचा ते, सोबत बसून लिहू.