ऑरॉक्सला 'रानगवा' म्हणावे का? आणि 'संकर' कुठे थांबतो?

विचारणा अशी आहे: "जुन्या जातींच्या गुरांचा संकर करून युरोपात नामशेष झालेला रानगवा पुन्हा जिवंत करत आहेत" हे वाक्य बरोबर आहे का, आणि 'ब्रीडिंग बॅक'ला, म्हणजे पाळीव जनावरांत निवड करत नामशेष पूर्वजाच्या रूपाजवळ जाण्याला, मराठीत काय म्हणावे?

'रानगवा' आधी काढून टाका. गवा म्हणजे राधानगरीच्या जंगलात दिसतो तो, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा प्राणी. तो वेगळ्या जातीचा आहे आणि आपल्या गाईंचा पूर्वज नाही. ऑरॉक्स, म्हणजे वाक्यातला तो नामशेष रानटी प्राणी, मात्र पूर्वज आहे. भारतातही त्याची एक उपजात होती. तिचे शास्त्रीय नाव 'नामाडिकस' नर्मदेवरून पडले, आणि खिल्लार, डांगी, देवणी ही वशिंडाची गुरे तिच्याच वंशातली. म्हणून 'ऑरॉक्स' हेच लिहावे. शेवटचा 'स' अनेकवचनाचा समजून काही जण 'ऑरॉक' लिहितात, ते चूक. मूळ जर्मन शब्दातला 'ओक्स' म्हणजे बैल, संस्कृत 'उक्षन्'चा सख्खा भाऊ. एक ऑरॉक्स, दहा ऑरॉक्स, ऑरॉक्सची शिंगे.

आता 'संकर'. गोठ्यात 'संकरित गाय' म्हटले की जर्सी किंवा होल्स्टीनचे रेतन करून मिळालेली, जास्त दुधाची गाय डोळ्यांपुढे येते. तिथे पहिल्याच पिढीत काम साधते. इथे संकर ही फक्त सुरुवात आहे. जर्मनीत लिप्पे नदीकाठच्या कुरणांत 1996 पासून हेक गुरांवर (ऑरॉक्ससारखी दिसावीत म्हणून आधी पैदा केलेली गुरे) स्पेनची सायागेसा आणि इटलीची कियानिना या जातींचा संकर केला गेला. कियानिनाने उंची दिली, पण ती पांढरी आणि आखूड शिंगांची. सायागेसा उंच पायांची, पण तिच्या गाईही वळूसारख्या काळ्या. ऑरॉक्सचा वळू काळपट, पाठीवरून फिकट पट्टा गेलेला, गाय तांबूस, दोघांच्या तोंडाभोवती पांढरी कड, शिंगे आधी बाहेर, मग पुढे आणि टोकाशी आत वळलेली.

हे सगळे एका जनावरात आणणे का कठीण, ते हिशेबाने कळते. अप्रभावी गुण, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, एकाच जनुकावर असेल तर दुसऱ्या पिढीत चारांत एका वासरात दिसतो. असे दोन गुण एकत्र हवे असतील तर सोळांत एक, तीन हवे असतील तर चौसष्टांत एक. उंची आणि शिंगांचा बाक तर अनेक जनुकांवर ठरतात. त्यात गाय सव्वानऊ महिने गाभण राहते, एका वेळी बहुधा एकच वासरू देते आणि कालवड व्यायला दोन-तीन वर्षे लागतात. घाई करून एकाच देखण्या वळूवर भर दिला की जवळच्या नात्यातली पैदास होऊन कळप कमकुवत होतो. 1920 च्या दशकात हाइन्त्स आणि लुट्स हेक या भावांनी सुरू केलेल्या कामातून रंग बऱ्यापैकी जमला, उंची नाही: हेक वळू साधारण 140 सेंटीमीटर, ऑरॉक्स वळू 160 ते 180.

शेवटची ऑरॉक्स गाय 1627 मध्ये पोलंडच्या याक्तोरुव जंगलात मेली. ती जात परत आलेली नाही, म्हणून 'पुन्हा जिवंत' आणि 'पुनरुज्जीवन' दोन्ही नकोत. तिची जनुके पाळीव गुरांत विखुरलेली आहेत, आणि निवडीने त्या रूपाच्या जवळ जायचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी 'प्रतिरूप-पैदास' हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. 'उलट पैदास' ऐकायला सोपा, पण त्यात काळ मागे फिरल्याचा भास होतो.

वाक्य मग असे होईल: "युरोपात जुन्या जातींच्या गुरांचा संकर आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करून नामशेष ऑरॉक्सची प्रतिरूप-पैदास चालू आहे."