रानहळद : गुलाबी दिसतं ते फूल नव्हे

गगनबावड्याच्या वाटेवर हळदीसारख्या पानांत गुलाबी तुरा दिसला. हे कोणतं फूल?

रानहळद, बहुतेक कुर्कुमा स्यूडोमोन्टाना. आपल्या हळदीच्याच वंशातली. गुलाबी शेंडा मात्र फूल नव्हे, ती सहपत्रं, म्हणजे तुऱ्यातली पानांसारखी दलं. खरी फुलं त्याखाली, हिरव्या सहपत्रांच्या खोबणीत असतात. पिवळीधमक, थोडी थोडी उमलणारी. सगळे शेंड्याचा फोटो काढतात आणि फूल राहूनच जातं! सकाळी जा, जरा वाकून बघा. आणखी एक गंमत म्हणजे पावसाच्या सुरुवातीला तुरा पानांच्या शेजारून थेट जमिनीतून वर येतो, नंतरचा पानांच्या मधून. त्यामुळे एकाच जातीच्या दोन वेगळ्या जाती वाटतात.

कासला अशीच पानं, पण फुलं पांढरी होती.

ती चवर, कुर्कुमा कॉलिना. उघड्या पठारावर वाढते.

कोल्हापूरजवळ रानहळद कुठे पाहता येईल?

आंबा घाट, गगनबावडा, राधानगरी. गर्द सावलीत शोधू नका. रानाची कड, झाडीतली मोकळी जागा, पाणी न साचणारा उतार, पालापाचोळा मुरलेली माती, अशा ठिकाणी ती सापडते. ऑगस्ट-सप्टेंबर बरा. दाजीपूरला जाणार असाल तर प्रवेश चालू आहे का, हे आधी वन विभागाला विचारा.

एखादा गड्डा उपटून कुंडीत लावला तर?

अभयारण्यातून काही उपटणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बाहेरही नकोच. तुरा तोडला तर बी जातं, गड्डा काढला तर अख्खं झाड जातं. रोपवाटिकेत लागवडीचं बेणं मिळालं तर जरूर लावा. अर्धी सावली द्या, निचऱ्याची माती घ्या. आपली काळी माती एकटी वापरू नका. हिवाळ्यात पानं वाळतील. मेली समजून कुंडी रिकामी करू नका, फक्त पाणी थांबवा.

घरच्या हळदीला बी का धरत नाही?

तिच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बीजधारणा जवळपास होतच नाही. म्हणून तर सांगलीपासून सगळीकडे गड्ड्यांचं बेणं लावतात.

रानहळद भाजीत चालेल?

नको. नुसत्या पानांवरून या जाती ओळखताना जाणकारही अडखळतात.