उसाची गाडी डांबरीला लागली की हलकी का होते?

प्रश्न : आमची उसाची टायरगाडी फडातून बाहेर काढायला पुढं दुसरी जोडी जुंपावी लागते. तीच गाडी डांबरीला लागली की एक जोडी आरामात नेते. मोळ्या तेवढ्याच. मुलाच्या पुस्तकात लिहिलंय की पृष्ठभाग खडबडीत असेल तर घर्षण जास्त. पण खडबडीत तर डांबरी आहे, फडातली माती मऊ! मग पुस्तक चुकलं का?
– एक शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : पुस्तक बरोबर आहे, पण त्यातला नियम घासत जाणाऱ्या वस्तूचा आहे. लाकडाचा ओंडका जमिनीवरून फरफटत नेला तर तो लागू पडतो. चाक घासत नाही, लोळतं. लोळणाऱ्या चाकाला जमीन खडबडीत आहे का यापेक्षा ती दबते किती, हे जास्त नडतं.

हिशेब करून बघू. गाडी आणि मोळ्या मिळून अडीच टन धरा. डांबरीवर टायरगाडी चालती ठेवायला वजनाच्या साधारण दोन टक्के ओढ पुरते, म्हणजे पन्नास किलो. ओल्या, भुसभुशीत रानात तीच ओढ पंधरा टक्क्यांवर जाऊ शकते, म्हणजे पावणेचारशे किलो. बैल दिवसभराच्या कामात स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ओढ देतो. तुमची खिलार जोडी आठशे-नऊशे किलोची असेल तर ऐंशी-नव्वद किलो. नेट लावून घटकाभर ती याच्या कितीतरी पट ओढेल, पण बांधापर्यंत तसं ओढत राहणं तिच्या आवाक्याबाहेरचं. दुसरी जोडी तिथं लागते.

ही जादा ताकद जाते कुठं? चाक मातीत रुततं, पुढची माती दाबतं, बाजूला सारतं. म्हणजे गाडी सपाट रानातही सतत स्वतःच केलेल्या खड्ड्यातून वर चढत असते. उभी राहिली की आणखी खाली बसते, म्हणून जाणता गाडीवान फडात मध्येच बैल थांबवत नाही.

आमोंताँ या फ्रेंच माणसानं १६९९ साली मांडलेला नियम असा, की घर्षण वजनाप्रमाणे वाढतं, टेकलेली जागा लहान की मोठी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे मी वर्गात फळ्यावर लिहिलं की पोरं हमखास विचारायची, मग लाकडी चाकाच्या अरुंद लोखंडी धावेपेक्षा रुंद टायर रानात बरा का? तर तो घर्षण कमी करतो म्हणून नव्हे. वजन जास्त जागेवर पसरतं आणि चाक कमी रुततं, म्हणून. चाकाखाली पाचट टाकतात तेही त्यासाठीच.

बैलांच्या पायाचं मात्र उलट आहे. खूर जमीन मागं रेटतो तेव्हा जमीन त्याला पुढं ढकलते, आणि ते काम घर्षणाचंच. चिखलात खूर सटकला की ताकद असून उपयोग नाही. डांबरीवर खुरांना लोखंडी पत्री (नाल) मारलेले बैल घसरतात तेही यामुळं. चाकाला नको असलेलं घर्षण खुराला हवं असतं, गंमतच आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगतो. पंचवीस फुटाला एक फूट असा उतार धरा. अडीच टनाची गाडी तिथं शंभर किलोनं पुढं ढकलली जाते. रानवाटेवर चाकाचा अडथळाच तिला धरून ठेवतो. डांबरीवर तो फक्त पन्नास किलो, उरलेले पन्नास बैलांच्या मानेवर येतात. तेव्हा डांबरीवर गाडी हलकी जाते म्हणून चार मोळ्या जास्त चढवू नका.

प्रश्न : कॅरम बोर्डावर पावडर टाकल्यावर स्ट्रायकर जास्त का पळतो? पावसाळ्यात पावडर टाकूनही तो अडतो.
– इयत्ता आठवीतली वाचक, सातारा

उत्तर : बोरिक पावडरीचे बारीक कण सोंगटी आणि लाकूड यांच्यामध्ये येतात, त्यामुळं दोन्ही एकमेकांना थेट कमी टेकतात. साताऱ्याच्या पावसात लाकूड आणि पावडर दोन्ही ओल धरतात, पावडरीच्या गुठळ्या होतात. वर आणखी पावडर ओतू नकोस. आधी कोरड्या फडक्यानं बोर्ड पुसून घे, मग चिमूटभर टाक.

प्रश्न : खंबाटकी घाट उतरताना वळवाची सर आली आणि दुचाकी सटकली, थोडक्यात वाचलो. मागं भाऊ बसला होता. वजन जास्त असल्यावर टायर रस्त्याला घट्ट धरायला नको का?
– एक वाचक, वाई

उत्तर : धरतोच. पण थांबवायचं वजनही त्याच प्रमाणात वाढतं, त्यामुळं हिशेबात फिट्टंफाट होते. सपाट कोरड्या डांबरीवर ताशी पन्नासच्या वेगात ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण चौदा मीटरमध्ये थांबते, ओल्या रस्त्यावर पंचवीसच्या आसपास. उतारावर याहून जास्त. पहिल्या सरीत तर रस्त्यावरचं सांडलेलं तेल, धूळ आणि टायरची झीज पाण्यात कालवून बुळबुळीत थर होतो. जोराचा पाऊस बराच वेळ पडला की तो वाहून जातो.

ब्रेक दोन्ही वापरा, पण हळूहळू दाबा. चाक फिरायचं थांबून घसरायला लागलं की पकड आणखी कमी होते, कारण घसरतानाचं घर्षण टेकून असतानाच्या घर्षणापेक्षा कमी असतं. मागं कोणी बसलं असेल तर घाट सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करा, वळणात शिरल्यावर नव्हे.